ओसरीवर टांगलेली पत्रकं

लग्न होऊन मी भोंगवलीहून भोरला आले, तेव्हा मला दोन गोष्टी चांगल्या येत होत्या. चौथीच्या पुस्तकापर्यंतचं वाचन आणि गाईची धार काढणं. सासरी गाय नव्हती, छापखाना होता. छापखाना म्हणजे बाजारपेठेतल्या घराची पुढची खोली, तिच्यात पायानं चालवायचं छपाईचं एक ट्रेडल, खिळ्यांची म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची घोडी आणि भिंतीला लावलेले कागदाचे गठ्ठे. पुढे रस्त्याला लागून ओसरी. मामंजी मजकूर बघायचे, आमचे हे ट्रेडल चालवायचे आणि खिळे जुळवायला एक कंपॉझिटर होता. माझ्या लग्नानंतर सहा महिन्यांतच तो पुण्याला गेला, तो आलाच नाही.

दुसरा माणूस मिळेपर्यंत म्हणून मामंजींनी मला घोडीपुढे उभं केलं. सासूबाईंना ते पसंत नव्हतं. बाईमाणसानं पुढच्या खोलीत उभं राहायचं म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक जण बघणार, असं त्या म्हणाल्या. मामंजींनी खोलीच्या दारावर अर्धा पडदा लावला. पडदा लावल्यावर खोलीत अंधार झाला आणि मी ‘ध’च्या जागी ‘घ’ लावायला लागले. आठवड्याभरात पडदा सासूबाईंनी स्वतःच काढला आणि त्याच्या पिशव्या शिवल्या.

मला ते काम फार आवडलं. खिळ्यावरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतात. पहिले काही दिवस डोकं गरगरायचं, मग हळूहळू मला सुलटं वाचण्यापेक्षा उलटं वाचणंच सोपं वाटायला लागलं. दुसरा कंपॉझिटर कुणी शोधलाच नाही.

एकदा एका लग्नपत्रिकेवरून वाद झाला. वरपिता म्हणाले, मी शुक्रवार लिहून दिला होता, तुम्ही गुरुवार छापलात. लिहून दिलेला कागद आम्ही चुलीत घातलेला, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. त्या दिवसापासून मामंजींनी नेम केला. जे काही छापू त्याची एक प्रत ठेवायची, तिला मूळ हस्ताक्षरातला कागद टाचायचा आणि मागे पेन्सिलीनं लिहायचं की मजकूर कुणी आणला, कुणी लिहिला, कोणत्या दिवशी छापला. हे काम माझ्याकडे आलं. माहेरून आणलेल्या पत्र्याच्या पेटीत मी ते कागद ठेवायला लागले. लुगडी खुंटीवर गेली.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. वेल्ह्याच्या खोऱ्यातून लोकल बोर्डावर एक माणूस निवडून जायचा होता. त्या बाजूला छापखाना नसल्यानं पत्रकं आमच्याकडे यायची. उभे होते दोघे. एक विंझरच्या बाजूचे पेन्शनीत आलेले सुभेदार, दुसरे हिरड्याचे व्यापारी. डोंगरातल्या लोकांनी गोळा केलेला हिरडा त्यांच्या वखारीत यायचा. मतं टाकायच्या पेट्यांना रंग दिलेले होते, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही आपली पेटी कळावी. सुभेदारांची पेटी लाल, व्यापाऱ्यांची पिवळी. आमच्याकडे शाई फक्त काळी होती. मग ह्यांनी युक्ती काढली आणि पतंगाचा कागद आणला. सुभेदारांची पत्रकं लाल कागदावर, व्यापाऱ्यांची पिवळ्यावर. हात लावला की रंग बोटांना लागायचा. त्या महिन्यात आमच्या घरातल्या भाकरीसुद्धा कधी लालसर, कधी पिवळसर निघाल्या.

पत्रकांवर खाली आमच्या छापखान्याचं नाव असायचं आणि त्याच्या वर प्रसिद्ध करणाऱ्याचं. कायदा नेमका काय म्हणत होता ते मला सांगता येणार नाही, पण मामंजींचा स्वतःचा कायदा पक्का होता. ज्याला काही बोलायचं आहे त्यानं नाव द्यावं.

एके दिवशी दुपारी आमचे हे बाहेर कागद आणायला गेले होते आणि मामंजी जेवून पडले होते. काळी टोपी घातलेला एक गृहस्थ मजकूर घेऊन आला. मी त्याला ओळखत होते. तो हिरड्याच्या वखारीतला कारकून होता, आधीची पिवळी पत्रकंही त्यानंच स्वतःच्या हातानं लिहून आणली होती. या वेळच्या मजकुराखाली लिहिलं होतं, ‘एक हितचिंतक’. मी म्हटलं, इथं नाव लागेल. तो म्हणाला, हितचिंतक हेच नाव समजा. मी म्हटलं, मग त्यांचं गाव सांगा. तो हसला, पण कागद घेऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर घेऊन आला. आता खाली नाव होतं आणि वाडीही होती. वेल्ह्याच्या वर डोंगरात राहणाऱ्या एका धनगराचं ते नाव होतं.

मजकूर असा होता की, सुभेदार निवडून आले तर डोंगर मेंढरांना बंद करणार आहेत, हे त्यांनी माझ्यासमोर बोलून दाखवलं, मी स्वतः कानांनी ऐकलं. नाव आलं, गाव आलं, आमचा नियम पाळला गेला. मी खिळे जुळवले. जुळवताना एकदा मनात आलं की धनगराच्या तोंडचं हे बोलणं फारच शुद्ध आहे. पण हात चालू होते, तो विचार तसाच मागे राहिला. ह्यांनी पिवळ्या कागदावर छापून दिलं. मी एक प्रत पेटीत ठेवली, मागे लिहिलं, ‘आणणारे व लिहिणारे: वखारीतले कारकून’ आणि विसरून गेले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी एक नवराबायको ओसरीपुढे येऊन उभे राहिले. दोघं पन्नाशीच्या पुढची. त्याच्या डोक्याला मोठं मुंडासं, खांद्यावर घोंगडी. तिच्या हातात घडी घालून मळलेला पिवळा कागद. आदल्या दिवशी निघाले होते, कामथडीला मुक्काम करून चालत आले होते. बाई पायरीवर बसली आणि तिनं तो कागद माझ्यापुढे धरला.

‘बाय, ह्यात काय लिवलंया ते वाच. सगळं वाच. गाळू नगंस.’

मी वाचलं. खालचं नाव वाचलं तेव्हा तिनं नवऱ्याकडे बोट केलं.

‘ह्ये त्येच. आन ह्येंनी सुबेदाराचं तोंडबी कदी बगितल्यालं न्हाई.’

पुढचं तिनं सांगितलं ते असं. त्यांची मेंढरं दर वर्षी सुभेदारांच्या भावकीच्या रानात बसायची. खत मिळतं म्हणून शेतकरी बोलावून घ्यायचे, जेवायला घालायचे. या वर्षी पत्रक गावात फिरलं आणि सगळ्यांनी पाठ फिरवली. आमच्या माणसावर खोटा आळ घेतलास, आता आमच्या रानात पाऊल टाकू नकोस, असं त्या भल्या माणसाला चावडीपुढे ऐकवलं. त्याला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. दोघांनाही वाचता येत नव्हतं आणि मताचा हक्कही नव्हता, तो तेव्हा सगळ्यांना नसायचाच. मला वाटतं, म्हणूनच ते नाव निवडलं गेलं होतं. याला कुणी विचारायला जाणार नाही, असा हिशेब असावा. तिचं सांगून झालं. मग नवरा हळूच म्हणाला, ‘माजं नाव म्या कुनाला दिल्यालं न्हाई.’

मी आत जाऊन पेटी उघडली. प्रत आणि तिला टाचलेला हाताचा कागद घेऊन मामंजींपुढे ठेवला. मामंजींनी दोन्ही बाजू वाचल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग त्यांनी धनगराला वर बोलावून जाजमावर बसवलं आणि सासूबाईंना चहा ठेवायला सांगितला. धनगर घोंगडी अंथरून खालीच बसतो म्हणाला, मामंजींनी ऐकलं नाही.

खरं काय ते आमच्या पेटीत होतं, पण ते लोकांना कसं कळवायचं? हे म्हणाले, गिऱ्हाइकाची गोष्ट चारचौघांत उघडी केली तर उद्या आपल्याकडे कोण येईल. मला वाटलं, त्यांचंही बरोबर आहे. मामंजी म्हणाले, ‘लग्नाची बोलणी किंवा सावकाराचं पत्र असतं तर मी तोंड उघडलं नसतं. पण पत्रक तो माणूस वाटायलाच छापतो. ज्याला सगळ्या गावानं वाचावं असं वाटतं, त्याला ते कुणी लिहिलं हेही सगळ्या गावानं वाचलेलं चालायला पाहिजे.’

ओसरीवर फक्त ते एकच पत्रक लावलं तर आम्ही सुभेदारांच्या बाजूचे ठरलो असतो. म्हणून सगळीच लावायची ठरली, दोघांचीही, पहिल्यापासून. ओसरीच्या दोन खांबांना सुतळी बांधली आणि लाल-पिवळी पत्रकं छापली त्या क्रमानं टांगली. प्रत्येकाखाली मी एक चिठ्ठी लावली, मजकूर कुणी आणला, कुणाच्या हातचा आहे, कधी छापला. धनगराच्या नावाच्या पत्रकाशी आले तेव्हा मी मामंजींना विचारलं, इथं आपली चूकही लिहू का? ते म्हणाले, लिही. मग मी लिहिलं, ‘खाली ज्यांचं नाव आहे त्यांना हे पत्रक छापून झाल्यावर कळलं. नाव देणाऱ्याला तसा अधिकार आहे का, हे आम्ही विचारलं नाही. ती आमची चूक.’

बाजारचा दिवस असल्यानं लोकांची वाण नव्हती. लाल-पिवळे कागद वाऱ्यानं फडफडत होते, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटलं की छापखान्यात लग्न आहे. एक जण तर अक्षता कधी, म्हणून विचारून गेला. ज्याला वाचता येत होतं तो मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. एखाद्या शब्दाला अडला की मी आतून खिळे जुळवता जुळवता सांगायचे. धनगरीण पायरीवरून हललीच नाही. तिनं माझ्याकडून सगळी पत्रकं एकदा, दोनदा, तीनदा वाचून घेतली. चौथ्या वेळी मी एक ओळ गाळली तर तिनं मला थांबवलं आणि ती ओळ स्वतः म्हणून दाखवली. तिनं सगळं पाठ केलं होतं.

निघताना तिनं चिठ्ठीची नक्कल मागितली. मी एका कागदावर लिहून दिली आणि मामंजींनी खाली सही केली. वाटेतल्या प्रत्येक गावी वाचता येणाऱ्या माणसाला गाठून तिनं ती वाचायला लावली आणि त्यानं गाळलेलं तिनं भरून काढलं, असं नंतर कळलं. विंझरला तर ती थेट सुभेदारांच्या अंगणात गेली. सुभेदारांनी चिठ्ठी स्वतः वाचली आणि धनगराला म्हणाले की भावकीचं भावकी बघेल, तुम्ही मेंढरं माझ्या रानात बसवा. आठ दिवसांत मेंढरं बसली. ते बघून भावकीनंही बोलावणं पाठवलं.

इकडे आमच्या घरात सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं. व्यापारी येणार हे नक्की होतं. ते आले चौथ्या दिवशी, टांग्यातून. अंगानं भरलेले, पायऱ्या चढूनच धाप लागली. हात मागे बांधून त्यांनी सुतळीवरचं पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचलं. लाल पत्रकंही वाचली. समोरच्या दुकानातली माणसं उगाच बाहेर येऊन उभी राहिली. मी खिळे जुळवायची स्टिक हातात धरून आत उभी होते आणि एकही खिळा उचलला नव्हता.

मग त्यांनी विचारलं, ‘ह्या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या?’

मी म्हटलं, ‘मी.’

ते जाजमावर बसले आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर मामंजींना म्हणाले, अक्षर माझ्या कारकुनाचंच आहे, ते मी नाकारत नाही. मग म्हणाले, ‘मी त्याला असं लिही म्हणून सांगितलं नव्हतं. पण छापून आल्यावर मी वाचलं आणि मला बरं वाटलं. हेही खरंच आहे.’

असं कुणी कबूल करेल, अशी आमची कुणाचीच अपेक्षा नव्हती. भांडायची तयारी करून बसलेल्या ह्यांना तर काय करावं ते सुचेना, ते आत जाऊन ट्रेडलला तेल घालायला लागले. व्यापाऱ्यांनी ते एवढं पत्रक काढून टाका, अशी विनंती केली. मामंजी म्हणाले, वाटून झालेलं पत्रक लोकांच्या घरातून काढता येत नाही, मग इथूनही नको. शेजारी जागा आहे, तिथं तुम्हाला जे म्हणायचं असेल ते लावा.

व्यापाऱ्यांनी बसल्या जागी मजकूर सांगितला आणि मी लिहून घेतला. सुरुवात अशी होती, ‘आमच्या नजरचुकीने झालेल्या गैरसमजाबद्दल’. लिहिताना माझा हात थांबला. मी विचारलं, ‘गैरसमज लिहू, की खोटं?’ विचारून झाल्यावर माझी मलाच भीती वाटली. सासूबाई आतून दारात येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात आतून हे म्हणाले, गैरसमजाला खिळे फार लागतात. व्यापारी हसले. मोठ्यानं, अंग हलवून हसले आणि म्हणाले, खोटंच लिही. नजरचूकही काढ.

ते पत्रक खाली व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या नावानं निघालं. तो धनगर सज्जन आहे, त्याच्या नावावर छापलेला मजकूर खोटा होता, तो माझ्या माणसानं लिहिला, मला त्याची शरम वाटते. एवढंच. पिवळा कागद संपला होता, म्हणून पांढऱ्यावर छापलं. सुतळीवर ते एकटंच पांढरं दिसायचं आणि सगळे ते आधी वाचायचे.

निवडणूक सुभेदारांनी जिंकली. पण पांढऱ्या पत्रकानंतर बऱ्याच जणांनी मुद्दाम पिवळ्या पेटीत मत टाकलं, असं लोक सांगायचे. व्यापारी थोडक्यात पडले. पडल्यानंतरही ते आमच्याकडे छापायला येत राहिले. कारकून मात्र कधी दिसला नाही. त्याला काढलं नव्हतं, आमच्याकडे पाठवायला गेलं की तो स्वतःच नको म्हणायचा.

निवडणूक झाली तरी मी पत्रकं उतरवली नाहीत, कारण लोक येतच होते. आता त्यांना कुणी लिहिलं यापेक्षा काय लिहिलं यात जास्त रस होता. धनगरीण बाजाराला आली की ओसरीवर यायची. सुभेदारांच्या तिसऱ्या लाल पत्रकात जनावरांसाठी पाण्याचं टाकं बांधण्याची गोष्ट होती. वर्ष होत आलं तरी टाक्याचं नाव नव्हतं. तिनं विंझरला जाऊन सुभेदारांना ती ओळ म्हणून दाखवली. सुभेदार म्हणाले, मी असं कधी बोललो? ती म्हणाली, भोरला टांगलंया, जाऊन बगा. आणि सुभेदार खरंच आले. लष्करी चालीनं पायऱ्या चढले, तिसरं पत्रक शोधलं, चष्म्याशिवाय वाचता येईना म्हणून मला वाचायला लावलं. मी वाचलं. ते म्हणाले, बोललोय खरा. पुढच्या उन्हाळ्यात टाकं झालं. वाटलं होतं त्याहून लहान, पण पाणी राहत होतं. धनगरिणीनं मला ते दाखवायला नेलं होतं. तेवढ्यासाठी मी पहिल्यांदा वेल्ह्याच्या बाजूला गेले आणि दिवसभर मेंढ्यांच्या घोळक्यात बसून आले.

ऊन-वाऱ्यानं पतंगाचा कागद विरायला लागला, तेव्हा मी सगळं जुन्या वहीत चिकटवलं आणि चिठ्ठ्याही शेजारी लावल्या. वही गावातल्या वाचनालयाला द्यायची ठरली. तिथले चिटणीस म्हणाले, कपाटात सांभाळून ठेवू. मी म्हटलं, कपाटात सांभाळायचीच असती तर माझ्या पेटीत होतीच. वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवणार असाल तर घ्या. तोपर्यंत वाचनालयात बाईनं येऊन अट घातल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी मामंजींकडे पाहिलं, मामंजी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. वही टेबलावर राहिली. बाजारच्या दिवशी दुपारी तासभर मी तिथं जाऊन बसायचे, वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवायला. पहिल्या दिवशी माझ्याबरोबर सासूबाई आल्या, सोबत म्हणून. दुसऱ्या दिवसापासून त्याच पुढे चालायला लागल्या, कारण त्यांना सुभेदारांची पत्रकं ऐकायला आवडायची.

पुढच्या निवडणुकीला नवीन सुतळी बांधली. या वेळीही दोघे उभे होते, पण वेगळे. दोघांनी मजकुराखाली आपापलं नाव ठळक अक्षरात घालायला सांगितलं, दोघांनी स्वतःच्या हातानं लिहून आणलं होतं आणि दोघांनाही आपलं पत्रक सुतळीवर पहिलं हवं होतं. छापून झालं त्या सकाळी दोन टांगे कामथडीपासून एकमेकांना मागे टाकत आले आणि आमच्या दारात एकदमच थांबले. दोघंही उतरून पायरीशी अडले, आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं सुरू झालं, पण पाऊल दोघांचंही पुढे होतं. मामंजींनी आतून दोन्ही पत्रकं आणली, दोन हातांत एकेक धरलं आणि दोन्ही एकदमच टांगली.